ब्लॅक सॅबथचा शेवटचा कार्यक्रम : रडू नेमकं कशाचं आलं?

रात्रपाळी (६ जुलै २०२५)

रात्रभर जागून व्हिला पार्कवरचा कार्यक्रम पाहिला. संपला तेव्हा उजाडायला लागलं होतं. झोप येईना, म्हणून इथे लिहायला बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्लॅक सॅबथ या इंग्लंडमधल्या हेवी मेटल बँडचे मूळचे चौघे, म्हणजे गायक ओझी ऑझबर्न, गिटारवर टोनी आयोमी, बासवर गीझर बटलर आणि ड्रम्सवर बिल वॉर्ड, २००५ नंतर काल पहिल्यांदा एकत्र वाजवायला उभे राहिले. हे शेवटचं, असं पार्किन्सन्स झालेल्या ओझीने आधीच सांगितलं होतं. जागा बर्मिंगहॅममधल्या ॲस्टन भागातलं फुटबॉलचं मैदान. हे चौघे त्याच परिसरात वाढले आणि १९६८ साली तिथेच त्यांचा बँड जमला. दिवसभर मेटालिका, गन्स अँड रोझेस, टूल, स्लेयर असे एकेक येऊन हजेरी लावून गेले. सगळ्यात शेवटी आधी ओझीची स्वतःची पाच गाणी आणि मग सॅबथची चार.

ओझी काळ्या सिंहासनावर बसून मंचाखालून वर आला, तोवर मी ठीक होतो. 'मिस्टर क्राउली'लाही ठीक होतो. मग 'मामा, आय ॲम कमिंग होम' सुरू झालं आणि त्याचा आवाज फाटला. पट्टी सापडेना. त्याने दम घेतला, पुन्हा धरायला गेला, पुन्हा निसटली. तोवर मैदानाने गाणं उचललं होतं. चाळीस हजारांवर माणसं त्याच्यासाठी गात होती आणि तो ऐकत होता. मी हुंदके देऊन रडलो. घरातले उठून बघायला आले.

सकाळी मित्राला फोन केला. तोही जुना सॅबथवाला. तो म्हणाला, "तू गाण्यासाठी रडला नाहीस. आजारी म्हाताऱ्याची दया आली म्हणून रडलास. गाणं बेसूर होतं, हे आधी कबूल कर." मला काही उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी पाहिलं, त्यांना कुठे भरून आलं, आणि कशामुळे?

सहावी_तार (६ जुलै)

मला 'वॉर पिग्स'च्या भोंग्यालाच. अजून एक सूरही वाजला नव्हता. हवाई हल्ल्याचा तो भोंगा मैदानभर घुमला आणि घशात आवंढा आला. तेव्हा ओझी गायलाही लागला नव्हता, मग दया कुणाची येणार? तुमच्या मित्राला एवढं सांगा.

कानसेन (६ जुलै)

माझं मत मित्राच्या बाजूने आहे. राग मानू नका.

मी पन्नाशी पार केलेला माणूस आहे, सॅबथच्या पहिल्या सहा तबकड्या मला पाठ आहेत. म्हणूनच कालचं बघवलं नाही. ओझीचा आवाज तांत्रिकदृष्ट्या कधीच मोठा नव्हता, पण तो सुरात धारदार होता. आयोमीच्या जड गिटारवरून तो पातळ आवाज सुरीसारखा जायचा. तीच त्या बँडची जादू. काल ती नव्हती. जे नव्हतं ते होतं असं म्हणणं हा त्या संगीताचा अपमान आहे.

पुनर्मीलन कसं असावं, हे लेड झेपेलिनने १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओ-टू मध्ये दाखवलं. वारलेल्या ड्रमर जॉन बॉनमच्या जागी त्याचा मुलगा जेसन, सोळा गाणी, कसून तालीम. गायक प्लांटचा आवाज वयाने उतरला होता, तर त्यांनी काही गाण्यांची पट्टीच खाली घेतली. वयाला मान देऊन काम चोख केलं. 'काश्मीर' ऐकताना मीही रडलो होतो, पण ते सुरावर. कालच्या रडण्याला मी त्या रांगेत बसवणार नाही.

जुनी_कॅसेट (६ जुलै)

कानसेन, झेपेलिनचं उदाहरण पुरं सांगा ना. १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात हेच झेपेलिन एकत्र आले आणि इतकं विस्कळीत वाजवलं की पुढे त्याची डीव्हीडी निघाली तेव्हा आपला भाग त्यांनी त्यात घालूच दिला नाही. २००७ चा चोखपणा त्या जखमेतून आला. त्यांच्याकडे बावीस वर्षं होती आणि धडधाकट शरीरं होती. ओझीकडे काय होतं?

अवांतर : त्याच लाइव्ह एडमध्ये फिलाडेल्फियाला सॅबथचे हे चौघेही एकत्र आले होते. तीन गाणी, तीही सकाळच्या उन्हात. काळ्या कपड्यातले हे लोक उन्हात फार विचित्र दिसतात.

तिहाई (६ जुलै)

सगळे ओझीवर बोलताय, म्हणून मी बिल वॉर्डवर बोलतो.

मी वीस वर्षं ड्रम्स वाजवतोय. रॉकमधल्या बहुतेकांचा ठेका भिंतीसारखा असतो, वॉर्डचा पाण्यासारखा आहे. तो जीन क्रुपा, बडी रिच ऐकत वाढला, म्हणून इतक्या जड संगीतातही त्याचा हात झुलतो. 'वॉर पिग्स'च्या सुरुवातीला हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटायच्या झांजांच्या जोडीवर, फक्त वेळ मोजत राहायची जागा आहे. गिटार दोन ठोके मारून गप्प होते आणि मधल्या पोकळीत तो एकटा असतो. ती पोकळी भरायचा मोह प्रत्येक ड्रमरला होतो. वॉर्ड ती भरत नाही.

कराराच्या वादामुळे २०१२ च्या पुनर्मीलनातून तो बाहेर राहिला. २०१३ ची तबकडी त्याच्याविना झाली. ४ फेब्रुवारी २०१७ ला बर्मिंगहॅममध्ये सॅबथचा 'शेवटचा' कार्यक्रम झाला, तोही त्याच्याविना. त्या दौऱ्यात टॉमी क्लुफेटोस वाजवायचा. काल ओझीच्या पाच गाण्यांना तोच होता. मग मंच बदलला आणि वॉर्ड येऊन बसला. वय ७७, १९९८ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. थोड्या वेळाने शर्ट काढून उघड्या अंगाने वाजवत होता, सत्तरच्या दशकात वाजवायचा तसा.

काही जागा हलल्या, एकदोनदा लय मागे पडली. पण हाय-हॅटच्या त्या जागी तो गप्प राहिला. मी तिथे रडलो. आठ वर्षं मी म्हणत होतो की २०१७ चा शेवट खरा नव्हता. काल तो पुरा झाला.

सहावी_तार (६ जुलै)

तिहाई, दंडवत. आत्ता पुन्हा लावून फक्त ड्रम्स ऐकले.

रोखठोक (७ जुलै)

आपण जरा जास्तच हळवे होतोय असं वाटतं. ज्या माणसाला पायावर उभं राहता येत नाही त्याला खुर्चीला टेकवून जगभर पैसे घेऊन दाखवणं मला पटलेलं नाही. २०१७ लाही 'शेवटचा' म्हणूनच तिकिटं विकली होती. १९९७ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमला पुनर्मीलन झालं, त्याची तबकडीही निघाली. किती वेळा शेवट आणि किती वेळा मीलन? तुमच्या अश्रूंचं कुणीतरी तिकीट लावतंय.

जुनी_कॅसेट (७ जुलै)

रोखठोक, या कार्यक्रमाचा नफा तीन संस्थांना जाणार असं आधीपासून जाहीर आहे. पार्किन्सन्सवर संशोधनाला मदत करणारी 'क्युअर पार्किन्सन्स', बर्मिंगहॅमचं मुलांचं रुग्णालय आणि 'एकॉर्न्स' ही आजारी मुलांची काळजी घेणारी संस्था. संशय घ्यायचा तर घ्या, पण हे माहीत असू द्या.

अबोली_क (७ जुलै)

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. रॉक मला कळत नाही. हा कार्यक्रम नवऱ्यामुळे पाहिला. पण 'खुर्चीला टेकवून दाखवणं' हे वाचलं आणि राहवलं नाही.

माझ्या वडिलांना पार्किन्सन्स होऊन अकरा वर्षं झाली. लोकांना वाटतं हा हात थरथरण्याचा आजार आहे. थरथर सगळ्यात सोपी. अवघड आहे ते चेहऱ्याचं. स्नायू आखडतात आणि चेहरा कोरा पडतो. बाबांना आनंद झालाय की नाही हे आम्ही आता डोळ्यांवरून ओळखतो. आवाज खाली जातो. त्यांना वाटतं आपण नेहमीसारखं बोलतोय, आणि समोरच्याला काही ऐकू येत नाही. उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात. मी शेजारी उभी राहून एक-दोन, एक-दोन अशा टाळ्या देते, मग पाऊल सुटतं. ठेका मिळाला की शरीराला वाट सापडते. डॉक्टरांनीच शिकवलंय हे.

त्या रात्री बाबांना झोप लागत नव्हती, तेही येऊन बसले. मी ओझीच्या गाण्याकडे पाहतच नव्हते. मी त्याचे हात पाहत होते. तो दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होता, लोकांना वाजवायला लावत होता. दोन्ही हात एका वेळी, लयीत, डोक्याच्या वर. ते करायला काय लागतं हे आमच्या घराला माहीत आहे. आणि त्याचे डोळे मोठे, जिवंत, मिश्कील. चेहरा कोरा पडू द्यायचा नाही, असं ठरवून बसल्यासारखा तो माणूस बसला होता. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन तो मधूनच वर यायला बघायचा. कुणी टेकवलेला माणूस असं करत नाही.

सहा वर्षं अंथरुणाला खिळून होतो, तुम्हाला कल्पना नाही मला काय वाटतंय, असं तो काहीसं बोलला. नवऱ्याने ते बाबांना मराठीत सांगितलं. बाबा म्हणाले, "मला आहे." एवढंच. पण स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

रात्रपाळी, तुमच्या मित्राला सांगा की दया आणि ओळख यात फरक असतो. मी ओळखीने रडले.

रात्रपाळी (७ जुलै)

अबोलीताई, काय लिहू. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

रोखठोक (७ जुलै)

अबोलीताई, 'टेकवून' हा शब्द मी मागे घेतो. चुकलं माझं. बाकीच्या मुद्द्यांवर ठाम आहे, पण ते आज नको.

यंत्रशाळा (८ जुलै)

शरीराचा विषय निघालाच आहे, तर आयोमीचा इथे उल्लेख व्हायलाच हवा.

मी पत्र्याच्या कारखान्यात तीस वर्षं काढली. आयोमी सतरा वर्षांचा असताना तशाच कारखान्यात वेल्डिंगचं काम करायचा. बँडबरोबर बाहेर जायचं ठरलं होतं आणि तो कारखान्यातला शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायचं त्याच्या मनात नव्हतं. आई म्हणाली, घेतलेलं काम पुरं करून ये. तो गेला. प्रेस चालवणारा माणूस त्या दिवशी आला नव्हता, म्हणून याला प्रेसवर उभं केलं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवा. तोच गेला.

ज्यांनी प्रेस चालवलंय त्यांना हे वाचतानाच बोटांत कळ येईल. हाताला सवय नसलेलं यंत्र म्हणजे काय, हे आम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. पायाची लय आणि हाताची लय जुळायला आठवडे लागतात.

फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी आणून ऐकवली. दोन बोटं निकामी झालेला गिटारवादक. मग या पोराने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या. पुढे तारा ढिल्या करून सूरही खाली उतरवला. १९७१ च्या तबकडीत हे नीट ऐकू येतं. ज्याला जग आज हेवी मेटल म्हणतं त्याच्या खर्जात एक कारखान्यातला अपघात आहे.

'आयर्न मॅन'च्या सुरुवातीला तो एकच तार ओढत खाली नेतो ना, ती जागा. त्या रात्री कॅमेरा त्याच्या बोटांवर गेला, टोपणं दिसली. माझ्या डाव्या हाताची करंगळी अर्धी आहे. मी पडदा थांबवून ती बोटं पाहत बसलो.

सहावी_तार (८ जुलै)

ती ओढलेली तार म्हणजे शुद्ध मींड आहे. आणि त्यांच्या पहिल्या तबकडीतलं पहिलंच गाणं आठवा : षड्ज, वरचा षड्ज, आणि मग एकदम तीव्र मध्यम. तीन सुरांत काळोख. आपल्याकडे तीव्र मध्यम संध्याकाळ घेऊन येतो, त्यांच्याकडे सैतान घेऊन आला. १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार, त्या दिवशी ही तबकडी निघाली. जवळजवळ सगळी एका दिवसात ध्वनिमुद्रित केलेली.

कानसेन (८ जुलै)

यंत्रशाळा, फार सुंदर लिहिलंत. आणि बघा, तुम्ही जे सांगितलं ते माझंच म्हणणं पुढे नेतं. आयोमीने दुखापत झाली म्हणून सवलत मागितली नाही, दुखापतीतून नवा सूर काढला. आयोमी आणि बटलर त्या रात्रीही अचूक वाजले. 'एन.आय.बी.'च्या आधीचं बटलरचं बास कान तृप्त करून गेलं. मी फक्त गायनाबद्दल बोलतोय.

नवखा_०४ (९ जुलै)

मी एकवीस वर्षांचा आहे. ओझी मला पोस्ट मलोनच्या २०१९ च्या गाण्यातून कळला, तिथून मागे मागे जात सॅबथपर्यंत पोचलो. कार्यक्रमात मला सगळ्यात भिडलं ते यंगब्लडने गायलेलं 'चेंजेस'. तो माझ्यापेक्षा थोडाच मोठा. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी अपघातात गेलेला फुटबॉलपटू दियोगो जोटा, त्याला त्याने ते वाहिलं. पूर्ण मैदान गात होतं. ज्येष्ठांना चालतंय ना हे? काही ठिकाणी वाचलं की म्हाताऱ्यांच्या कार्यक्रमात हा पोरगा कशाला.

जुनी_कॅसेट (९ जुलै)

चालतंय काय, पळतंय! ते गाणं १९७२ चं, मुख्यतः पियानो आणि आवाज. आमच्यातले निम्मे तेव्हा म्हणाले असते, सॅबथच्या तबकडीत पियानो कशाला. तू बिनधास्त ऐक, आणि 'सॅब्रा काडाब्रा' ऐकलं नसशील तर लगेच लाव. त्यात रिक वेकमन कीबोर्डवर आहे. परवा ओझीच्या मागे कीबोर्डवर होता तो ॲडम वेकमन, त्याचा मुलगा. बावन्न वर्षांनी बापाच्या जागेच्या आसपासच बसला होता.

परदेशी_पाखरू (१० जुलै)

उशिरा लिहितेय, क्षमस्व. मी तिथे होते.

पडद्यावर न आलेली एक गोष्ट सांगते. मंच फिरता होता, एक बँड वाजवत असताना मागे दुसऱ्याची मांडणी व्हायची, त्यामुळे दिवसभर फारसा खंड नव्हता. माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ होते, ॲस्टनमध्येच वाढलेले. दिवसभर गप्पा मारत होते, प्रत्येक बँडवर शेरे देत होते. 'मामा' सुरू झालं आणि ते गायचे थांबले. मला वाटलं रडतायत. नाही, ऐकत होते. नंतर म्हणाले की एवढी वर्षं या गाण्यातलं 'घर' म्हणजे बायको असं मी धरून चाललो होतो, आज कळलं घर म्हणजे ही गल्ली. ते गाणं १९९१ चं, शब्द मोटरहेडच्या लेमीचे, आणि ओझी बायकोला, शॅरनला, मामा म्हणतो हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण त्या संध्याकाळी मैदानाबाहेरच्या त्या विटांच्या घरांच्या रांगा बघून आलेल्या माणसाला दुसरा अर्थ लागलाच नसता.

कानसेन, सूर हलला हे खरं आहे. तिथेही कळत होतं. पण ज्या ओळीवर त्याचा आवाज गेला, तिथे आम्ही गायला लागलो ते त्याला सांभाळायला म्हणून नव्हे. ती ओळ पुढे जायला हवी होती, एवढंच. नाटकात नट अडखळला की पुढचं वाक्य ओठांवर येतं ना आपल्या, तसं.

शेवटी 'पॅरानॉइड' झालं, आतषबाजी झाली, गीझरने त्याला केक आणून दिला. तो बसूनच होता. बाकीचे तिघे त्याच्याजवळ गेले.

कानसेन (१० जुलै)

'ती ओळ पुढे जायला हवी होती.' यावर मला विचार करावा लागेल.

रोखठोक (११ जुलै)

वातावरण हलकं करतो. सिंहासनावर वटवाघूळ कुणी पाहिलं का? १९८२ मध्ये ज्याचं डोकं चावलं, त्याच्याच पंखाखाली शेवटी बसला. वटवाघळांनी माफ केलं म्हणायचं.

नवखा_०४ (११ जुलै)

😂 आमच्या आईला ओझीबद्दल तेवढंच माहीत आहे.

जुनी_कॅसेट (१४ जुलै)

धागा वर काढतो. पुनर्मीलनाची गोष्ट निघाली म्हणून पिंक फ्लॉइडचं राहून जायला नको. २ जुलै २००५, हाइड पार्क, लाइव्ह एट. १९८१ नंतर चौघे पहिल्यांदा एकत्र. वॉटर्स आणि गिलमोर यांचं भांडण न्यायालयापर्यंत गेलेलं. शेवटी वॉटर्सने हाताने खुणावून गिलमोरला जवळ बोलावलं आणि चौघांनी गळ्यात हात टाकले. गिलमोर जरा अवघडलेला, पण आला. पुढच्या वर्षी जुलैत बँडचा पहिला गायक सिड बॅरेट गेला, २००८ मध्ये त्या चौघांतला रिचर्ड राइट गेला. मग ते चौघांचं चित्र पुन्हा बघताना वेगळंच दिसायला लागलं. म्हणून मी व्हिला पार्कचं चित्रण अजून पुन्हा पाहिलेलं नाही. जपून ठेवलंय.

सहावी_तार (२२ जुलै, रात्री)

ओझी गेल्याची बातमी वाचलीत का सगळ्यांनी?

रात्रपाळी (२२ जुलै)

आत्ताच. सतरा दिवस. फक्त सतरा दिवस.

नवखा_०४ (२२ जुलै)

विश्वास बसत नाही.

तिहाई (२३ जुलै)

भावपूर्ण श्रद्धांजली. आज क्लासला सुट्टी दिली नाही. मुलांना 'वॉर पिग्स'चा हाय-हॅट शिकवला. सगळ्यांत लहान मुलगी दहा वर्षांची आहे. तिला म्हटलं, इथे काही वाजवायचं नाही, फक्त मोजायचं. तिला जमलं.

रोखठोक (२३ जुलै)

मी ७ तारखेला म्हटलं होतं, किती वेळा शेवट. उत्तर मिळालं. आता माझं काही म्हणणं नाही. २८ जूनला बर्मिंगहॅमने चौघांना शहराचा मानाचा नागरिक केलं होतं, त्याचं चित्रण शोधून पाहिलं. ते तेव्हाच बघायला हवं होतं.

कानसेन (२३ जुलै)

रात्री पूर्ण चित्रण पुन्हा पाहिलं. माझं सुराबद्दलचं मत तसंच आहे, आणि ते मी आज बदललं तर ओझीशी खोटं वागल्यासारखं होईल. तो स्वतः कधी गुळगुळीत बोलला नाही.

पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. 'मामा'मध्ये पट्टी निसटल्यावर तो थांबू शकला असता. मागे झॅक वाइल्ड होता, त्याने गिटारवर तो भाग ओढून नेला असता, कुणी काही म्हटलं नसतं. तो प्रत्येक ओळीला पुन्हा आला. चुकीच्या सुरावर का होईना, पण ओळीच्या वेळेवर आला. एकदाही उशीर नाही. मी सूर मोजत बसलो आणि लय बघितलीच नाही. अबोलीताईंनी ठेक्याचं लिहिलं होतं ते आठवलं आणि मग मला पुढचं नीट दिसेना. म्हणजे डोळ्यांमुळे.

यंत्रशाळा (२३ जुलै)

घेतलेलं काम पुरं करून ये, असं आयोमीची आई म्हणाली होती. रात्रभर तेवढंच डोक्यात आहे.

परदेशी_पाखरू (३० जुलै)

आज ब्रॉड स्ट्रीटवर गेले होते. कालव्यावर तिथे एक पूल आहे, त्याला ब्लॅक सॅबथ पूल म्हणतात. चौघांचे चेहरे असलेला बाक आहे त्यावर. बाक फुलांखाली दिसतही नव्हता. पुढे ब्रास बँड सॅबथची गाणी वाजवत होता, मागून शवरथ. पुलापाशी थांबले. शॅरन आणि मुलं उतरली, फुलं पाहिली, लोकांकडे पाहून दोन बोटं वर केली.

त्या दिवशीचे शेजारी गृहस्थ गर्दीत शोधत होते, दिसले नाहीत. असतील कुठेतरी. ट्युबा या पितळी वाद्यावर सॅबथ ऐकायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. फार योग्य वाटलं. कारखान्यांच्या गावचा आवाज आहे तो.

रात्रपाळी (३० जुलै)

मित्राचा काल रात्री फोन आला. तोच, ज्याच्यामुळे हा धागा निघाला. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "लाव ते." मी इकडे लावलं, त्याने तिकडे लावलं, फोन चालू ठेवून. 'मामा'ला दोघंही काही बोललो नाही. 'क्रेझी ट्रेन' सुरू झालं तेव्हा तो म्हणाला, "बेसूर आहे रे." आवाज भरलेला होता. मी म्हटलं, "हो, आहे."

मी जो प्रश्न विचारला होता तो मला आता नीट आठवतही नाही. सगळ्यांनी लिहिलंत, मनापासून आभार.

अबोली_क (३१ जुलै)

बाबांना ओझी गेल्याचं सांगावं की नाही, आठवडाभर ठरत नव्हतं. काल सांगितलं. म्हणाले, "तो खुर्चीवाला?" मी हो म्हटलं. मग म्हणाले ते टाळ्यांचं पुन्हा दाखव. लावून दिलं. त्यांनी हात डोक्यावर नेला नाही, तेवढा जात नाही आता. मांडीवर वाजवत होते, ठेक्यात. मग उठून दाराकडे निघाले. मी नेहमीसारखी शेजारी जाऊन उभी राहिले, तर मला म्हणाले, "तू नको. ते चालू ठेव."